पायाखालच्या वाटा : जुन्या शहरांतील भुयारांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचे छायाचित्र छापले होते. जमिनीखालच्या एका अरुंद बोगद्यात पाणी उभे आहे आणि वरून उजेडाचा एकच गोल त्यावर पडला आहे, असे ते चित्र होते. त्यानंतर भुयारांविषयी इतकी पत्रे आली, की हे सदर या वेळी त्याच एका विषयाला द्यायचे ठरवले. काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

आईचे माहेर रावेर तालुक्यातले. तिने लहानपणी बऱ्हाणपूरच्या ‘खुनी भंडाऱ्या’विषयी ऐकले होते, पण कधी पाहिला नाही. आता ती बहात्तर वर्षांची आहे. तिला खाली उतरवता येईल का? आणि उतरल्यावर नेमके काय पाहायचे? — एक वाचक, जळगाव

आईंना अवश्य घेऊन जा. भुसावळ–खंडवा लोहमार्गावरील बऱ्हाणपूर स्थानक शहराच्या लालबाग भागात आहे आणि भंडाराही त्याच बाजूला असल्यामुळे शहराच्या गर्दीत शिरण्याआधीच तो पाहून होतो. सुमारे ८० फूट खोल असलेल्या एका कुंडीत उतरण्यासाठी तेथे लिफ्ट बसवलेली आहे. मात्र ती सुरू आहे की नाही, याची चौकशी निघण्यापूर्वी जरूर करावी. ती बंद असली तर वरूनच पाहून परतावे लागते. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात जाऊ नये, आणि वैशाखात खानदेशचे ऊन काय असते, हे जळगावकरांना आम्ही सांगायला नको.

आता काय पाहायचे ते सांगतो, कारण आधी माहिती नसेल तर डोळ्यांना फक्त ओला अंधार दिसतो. बऱ्हाणपूर हे मोगलांचे दक्षिणेतील मोठे ठाणे. फौजा, व्यापारी, कारखाने, सराया यांनी गजबजलेल्या त्या शहराला तापीचे पाणी पुरेना, आणि शत्रूने नदीत विष कालवले तर काय, ही चिंताही होती असे सांगितले जाते. तेव्हा १६१५ च्या सुमारास, जहांगीराच्या काळात, सुभेदार अब्दुर्रहीम खानखानान याने तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराच्या मदतीने जमिनीखालचे पाणी शहरात आणण्याची योजना आखली. हाच तो रहीम, ज्याचे दोहे आपण शाळेत हिंदीच्या तासाला पाठ केले. पाणी राखा असे सांगणारा त्याचा दोहा अनेकांना अजून तोंडपाठ असेल; त्याच माणसाने पाणी राखण्याची एवढी मोठी सोय प्रत्यक्ष उभी केली, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि भूगर्भातून उताराने तापीकडे सरकत राहतो. हे सरकणारे पाणी नदीला मिळण्याआधीच वाटेत अडवायचे, विहिरींत जमवायचे आणि त्या विहिरी खालच्या खाली बोगद्याने जोडून पाणी शहराकडे वळवायचे, अशी ही युक्ती आहे. यात मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. सगळे काम उतार करतो. मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण आणि खुनी किंवा कुंडी भंडारा ही त्यातील प्रमुख जलस्थाने. तेथून आलेले पाणी जाली करंज नावाच्या हौदात एकत्र होई आणि पुढे नळांनी शहरात वाटले जाई. एकट्या कुंडी भंडाऱ्यावर शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे बोगद्यावर उभ्या उतरलेल्या विहिरी, आहेत. एकीपासून दुसरी साधारण २० मीटरवर. खोदताना माती वर काढायला, नंतर हवा खेळती ठेवायला आणि गाळ उपसायला या कुंड्या लागत.

आम्ही उतरलो तेव्हा पहिली काही मिनिटे काहीच दिसत नव्हते, फक्त पाण्याचा आवाज येत होता. मग लक्षात आले, की पुढे ठरावीक अंतरावर वरच्या कुंड्यांतून उजेड उतरतो आहे आणि पाण्यावर एकामागे एक थाळीएवढे पांढरे गोल ठेवल्यासारखे दिसत आहेत. पाणी इतके नितळ, की पायाची बोटे मोजावीत. भिंतीला हात लावला तर दगडाऐवजी चुन्याचा खरखरीत, गाठीगाठींचा थर लागतो. खडकातून झिरपताना पाण्यात विरघळलेला चुना हवेशी गाठ पडताच भिंतीवर साचत जातो, आणि चारशे वर्षांच्या अशा साचण्याने बोगदा काही ठिकाणी बराच अरुंद झाला आहे. तो थर आठवण म्हणून खरवडून नेणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तसे कृपया करू नये आणि मुलांनाही करू देऊ नये.

‘खुनी’ या नावामागे पाण्याला असलेली लालसर झाक होती असे सांगतात. आज स्थानिक लोक ‘कुंडी भंडारा’ हेच नाव वापरतात आणि तेच अधिक नेमके आहे. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या स्थळाची नोंद झाली.

आईंच्या गुडघ्यांची तक्रार असेल तर उतरण्याचा आग्रह धरू नये. खाली जमीन निसरडी आहे आणि पाण्यातून चालावे लागते. वर, शेताच्या बाजूने, कुंड्यांचे गोल कठडे एका रांगेत दूरपर्यंत गेलेले दिसतात. दोन-चार कठड्यांशी थांबून खाली पाहिले आणि कान दिला, तरी या योजनेचा आवाका कळतो. आमच्या मते तो बोगद्यातल्यापेक्षा वरूनच अधिक चांगला कळतो.

आमचे आजोबा सांगत, की शनिवारवाड्यातून पर्वतीपर्यंत भुयार असून त्यातून घोडेस्वार जाई. त्यांनी स्वतः भुयाराचे तोंड पाहिले होते. हे भुयार सरकार लोकांसाठी का उघडत नाही? — एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

आपल्या आजोबांनी पाहिले ते खरेच पाहिले असणार, याविषयी आम्हाला शंका नाही. त्यांना सांगितला गेलेला अर्थ मात्र तपासून पाहावा लागेल.

घोडेस्वार जायचा तर भुयार निदान अडीच मीटर उंच आणि दीड मीटर रुंद हवे. शनिवारवाडा ते पर्वती हे अंतर तीन किलोमीटर धरले, तर सव्वाअकरा हजार घनमीटर माती आणि मुरूम बाहेर काढावा लागेल. एका बैलगाडीत अर्धा घनमीटर माल मावतो असे मानले, तर साडेबावीस हजार गाड्या होतात. भर वस्तीतून एवढ्या गाड्या जाणार, त्यांची माती कुठे तरी टाकली जाणार, आणि तरीही ते काम गुप्त राहणार, हे संभवत नाही. शिवाय मध्ये आंबिल ओढा आहे, त्याच्या खालून जायचे तर भुयारात पाणी झिरपत राहणार. आणि हवा? बंद भुयारात माणूस फार दूर जाऊ शकत नाही, घोडा तर नाहीच. हवेसाठी जागोजागी वर तोंडे काढावी लागतात, आणि ती काढली की भुयार गुप्त राहत नाही. किल्ल्यांना चोरदरवाजे होते, दौलताबादच्या किल्ल्यात शत्रूला चकवण्यासाठी खोदलेली अंधारी आजही आहे. पण त्या वाटा किल्ल्याच्या आतल्या आणि लांबीने मर्यादित आहेत. मैलोगणती लांब पळवाटेची कथा जवळजवळ प्रत्येक गढीविषयी आणि वाड्याविषयी सांगितली जाते, आणि तिच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणी निघते.

पुण्यात तर ते पाणी प्रसिद्धच आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधवून तेथून दगडी, चुनेगच्ची नळ जमिनीखालून शहरात आणला. ‘नळ’ या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे हातात धरता येईल अशी नळी येते, पण कात्रजच्या नळात माणूस वाकून चालू शकेल एवढी जागा आहे. ठरावीक अंतरावर त्याला उच्छ्वास ठेवलेले होते. नळात कोंडलेली हवा तेथून बाहेर पडे, साचलेला गाळ काढायला माणूस तेथून उतरे. नाव ठेवणाऱ्याने किती योग्य शब्द निवडला आहे पाहा, जमिनीने जणू तेथे श्वास सोडावा! या नळाचे पाणी शनिवारवाड्यात आणि पेठांमधल्या हौदांत खेळवलेले होते. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावे अजून पुणेकरांच्या तोंडी आहेत, आणि आपल्या सदाशिव पेठेचाही स्वतंत्र हौद होता.

आजोबांनी पाहिले ते एखाद्या उच्छ्वासाचे किंवा फुटलेल्या नळाचे तोंड असावे, असा आमचा तर्क आहे. बांधीव कमान, आत अंधार, माणूस मावेल एवढी जागा. ज्याला पाण्याची योजना माहीत नाही, त्याला ते राजवाड्याचे भुयार वाटले तर नवल नाही. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर शहराचा पाणीपुरवठा बंद पडला, तेव्हा कात्रजच्या पाण्याचे हे जुने हौद लोकांच्या उपयोगी पडले, ही आठवण जुने पुणेकर आजही सांगतात. आपल्या घरातही ती असेल, तर लिहून ठेवा. घोडेस्वाराच्या कथेपेक्षा आम्हाला ती अधिक मोलाची वाटते.

उघडण्याविषयी सांगायचे, तर या नळाची आजची अवस्था सर्वत्र सारखी नाही. कुठे इमारतींच्या पायांनी तो तुटला, कुठे त्यात सांडपाणी शिरले. अशा नळात लोकांना उतरवणे धोक्याचे आहे. एखादा सुरक्षित तुकडा स्वच्छ करून, उजेड आणि हवा यांची व्यवस्था लावून वरून दाखवता येईल, आणि ती मागणी महानगरपालिकेकडे पेठेतल्या लोकांनी एकत्र येऊन करावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक उंच दगडी खांब आहे. त्याच्या डोक्यावर पिंपळ उगवला आहे. म्हातारी माणसे तो नहरीचा असल्याचे सांगतात. नहर तर जमिनीखाली, मग खांब वर कशाला? मुलांना नहर आतून दाखवता येईल का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

म्हातारी माणसे बरोबर सांगत आहेत. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आपले आजचे शहर, वसवली आणि पुढच्या काही वर्षांत उत्तरेकडच्या डोंगरउतारावरचे भूजल नहर-ए-अंबरीतून शहरात आणले. हबशी देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनच्या या खडकाळ पठाराची नस किती अचूक ओळखत होता, याची साक्ष ती नहर देते. त्याच्यामागून शहरात आणखी नहरी झाल्या.

खांबाचे काम असे. डोंगराकडून येणारे पाणी शहरात खापरी नळांतून फिरे. जमीन जसजशी खाली उतरते, तसतसा नळातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि खापर फुटू शकते. म्हणून वाटेत असे खांब उभारून पाणी एका बाजूने वर चढवायचे, माथ्यावरच्या लहानशा कुंडात मोकळे करायचे आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा खाली सोडायचे. पाणी आपल्या मूळच्या पातळीपर्यंत आपोआप चढते, त्यामुळे यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. माथ्यावर पाणी मोकळे झाले की अडकलेली हवा सुटते, दाब मोडतो, आणि तेथून पुढचे वाटपही करता येते. पिंपळाच्या मुळ्या या खांबांचा सांधान्‌सांधा उकलतात. रोप लहान आहे तोवर ते काढण्याविषयी महानगरपालिकेला पत्र द्यावे. स्वतः खांबावर चढून उपटू नये, कारण उपटताना दगडही निघून येतो.

मुलांना नहरीत उतरवू नका. पाणचक्कीला न्या. नहरीचे पाणी डोंगराकडून तेथे येते, उंच भिंतीवरून हौदात पडते आणि एके काळी त्याच पाण्याच्या जोरावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. मुलांना आणखी एक गोष्ट दाखवा. समोरचा लांबरुंद हौद जमिनीवर नाही. त्याच्या खाली खांबांचे मोठे दालन आहे आणि हौदाचा तळ म्हणजे त्या दालनाचे छत आहे. डोक्यावर पाणी उभे असल्याने ते दालन उन्हाळ्यातही गार राहते. मुलांना हे वर्षानुवर्षे लक्षात राहील.

आमच्या जुन्या वाड्याचा पुनर्विकास सुरू आहे. पायासाठी खोदताना विटांची कमान आणि खाली पोकळी लागली. कामावरची दोन मुले दोर बांधून उतरायला तयार आहेत. उतरू द्यावे का? धन असेल का, अशीही कुजबुज आहे. — एक वाचक, नाशिक जिल्हा

उतरू देऊ नये. हे उत्तर आम्ही सर्वांत आधी, पत्र हाती पडल्या दिवशीच, आपल्याला टपालाने कळवले आहे. वर्षानुवर्षे बंद असलेल्या पोकळीत प्राणवायू कमी असतो, कर्बवायू जड असल्याने तळाशी साचून राहतो, आणि जवळून सांडपाणी झिरपत असेल तर कुजक्या अंड्यासारखा वास येणारा विषारी वायूही असतो. तो वायू वाढला की नाकाला वासच येईनासा होतो, आणि माणूस वास गेला असे समजून पुढे जातो. विहिरीत उतरलेला एक जण पडला, त्याला काढायला दुसरा उतरला आणि तोही गेला, अशा बातम्या आपल्या गावोगावी दर उन्हाळ्यात येतात. आमच्या आजोळी असे घडले आहे. घडाभर गाळ काढण्यासाठी दोन घरे उजाड झाली. दिवा लावून सोडण्याची जुनी रीत पुरेशी नाही. वायू मोजण्याचे उपकरण आणि प्रशिक्षित माणसे हवीत, म्हणजेच ते काम अग्निशमन दलाचे आहे.

त्या ठिकाणचे खोदकाम थांबवून कडेने दोर लावा, वरूनच छायाचित्रे घ्या आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला आणि स्थानिक पालिकेला लेखी कळवा. कळवले की काम कायमचे अडकते, या भीतीने पुष्कळ लोक रातोरात पोकळी बुजवतात. आम्ही ती भीती समजू शकतो, पण खाली पाण्याची वाट असेल तर ती बुजवल्याने पुढच्या साऱ्या विहिरी आटतात आणि पावसाळ्यात तुंबलेले पाणी आपल्याच पायाशी येते. धनाविषयी म्हणाल, तर १८७८ चा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे जमिनीत दडलेले धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. आपल्या वर्णनावरून मात्र तेथे गाळाखेरीज काही असेल असे वाटत नाही.

पॅरिसला मुलीकडे गेलो होतो. तेथील भुयारांत तिकीट काढून, हातात ध्वनिफितीचे यंत्र घेऊन लोक शिस्तीने जातात. आपल्याकडे असे का नाही? — एक वाचक, ठाणे

पॅरिसची तुलना उपयोगी आहे, पण तेथली भुयारे मुळात दगडाच्या खाणी आहेत. शहर बांधण्यासाठी शहराखालचाच चुनखडक काढला गेला, पुढे वस्ती त्या पोकळ्यांवर पसरली, आणि १७७४ मध्ये एक रस्ताच खाली खचला. त्यानंतर १७७७ मध्ये राजाने या खाणींची पाहणी करण्यासाठी स्वतंत्र कचेरी स्थापन केली. दफनभूमींतल्या अस्थी तेथे नेण्यास सुरुवात झाली ती त्यानंतर, १७८० च्या दशकात. आपण पाहिलेला मार्ग जेमतेम दीड किलोमीटरचा आहे. उरलेल्या शेकडो किलोमीटरमध्ये सर्वसामान्यांना १९५५ पासून बंदी आहे.

आम्हाला हेवा वाटतो तो त्या कचेरीचा. ती आजही काम करते, शहराखालच्या पोकळ्यांचे नकाशे राखते, आणि वर बांधकाम करणाऱ्याला आधी खाली काय आहे ते विचारावे लागते. आपल्याकडे पुणे, संभाजीनगर यांच्यापाशी असा पूर्ण, अद्ययावत नकाशा असता, तर वरच्या पत्रातील नाशिककरांसारखा प्रश्न पाया खोदण्याआधीच सुटला असता. दुसरा फरक पाण्याचा. खाणी कोरड्या आहेत. आपल्या नहरींत आणि कुंड्यांत पाणी वाहते, ते शेतीला जाते, काही ठिकाणी प्यायलाही वापरतात. दिवसाला हजारो पावले त्यातून नेणे योग्य होणार नाही. बिदरजवळ नौबादची करेज, म्हणजे भूजल आणणारा असाच जुना बोगदा, गाळ उपसून पुन्हा वाहती केली गेली. तेथे जाणारा माणूस उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी बसून पाणी पाहतो आणि परततो. आपल्याकडच्या स्थळांना तीच पद्धत मानवेल.

मी नववीत आहे. आमच्या गावात जुनी पेठ आहे. भुयारात न उतरता त्याचा शोध कसा घ्यायचा? शाळेच्या प्रकल्पासाठी हवे आहे. — एक विद्यार्थिनी, सातारा

तुझा प्रश्न आम्हाला सर्वांत आवडला. गावातला सर्वांत जुना हौद शोध आणि त्यात पाणी कोणत्या बाजूने येत होते, ते पाहा. दगडात कोरलेले तोंड किंवा गोमुख बहुधा शिल्लक असते. मग त्या दिशेला, चढाकडे, चालत जा. वाटेत एखाद्या अंगणात, देवळामागे किंवा रस्त्याच्या कडेला चौकोनी दगडी चौथरा, झाकलेले तोंड किंवा बुटका खांब दिसला, की त्याची जागा नकाशावर टिपून ठेव. दोन खुणांमधले अंतर पावलांनी मोज. तीन-चार खुणा एका रेषेत आणि साधारण सारख्या अंतरावर आल्या, तर ती पाण्याची वाट असण्याची शक्यता मोठी. शेजारच्या आजी-आजोबांना ‘येथे पाणी कुठून येत असे’ असे विचार. ‘येथे भुयार आहे का’ असे विचारू नकोस, कारण मग घोडेस्वाराचीच गोष्ट ऐकायला मिळेल. झाकण कुठेही उचलू नकोस. सोबत मोठे माणूस असू दे, आणि नकाशा पूर्ण झाला की त्याची एक प्रत आम्हाला पाठव. आम्ही तो याच सदरात छापू.